आकड्यामागची नावं

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला नुसतं अपशिंगे म्हणत नाहीत, ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. घरटी एक माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात उभं आहे.

४६ म्हणजे किती हो? वहीत लिहिला तर दोन अंकी आकडा. आमच्या शाळेत चौथीचा पट तेवीस आहे. असे दोन पूर्ण वर्ग डोळ्यांपुढे आणा. सगळे हजर. एके दिवशी ते सगळेच्या सगळे गावाबाहेर गेले आणि परत आलेच नाहीत. आता तो आकडा केवढा वाटतो पाहा बरं!

हे युद्ध संपल्यावर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. साच्यातून काढल्यासारख्या सगळ्या सारख्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. मजकूर आधीच ठरलेला, फक्त आकड्यांची जागा गावागणिक वेगळी. वर्षं मात्र १९१४ ते १९१९ अशी. पुस्तकात तर आपण १९१८ वाचतो! बरोबर आहे, तोफा थंडावल्या ११ नोव्हेंबर १९१८ ला. पण व्हर्सायचा तह झाला २८ जून १९१९ ला. त्या पाट्यांनी शेवटचं वर्ष तहाचं धरलं.

वर्गात हे सांगत होतो तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पण नावं काऊन नाही लिहिली?”

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र आपल्याला थेट इराकमध्ये घेऊन जातं.

त्या काळी इराकला मेसोपोटेमिया म्हणत. तिथं तुर्कांशी लढायला जी फौज गेली, तिच्यातल्या एका मोठ्या तुकडीचं नावच ‘सहावी पुणे डिव्हिजन’ होतं. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. कोकणातली, देशावरची पोरं बोटीनं बसऱ्याला उतरली आणि टायग्रिस नदीच्या काठाकाठानं बगदादच्या दिशेनं निघाली. २२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली. माणसं फार पडली. फौज मागं फिरली आणि कूत-अल-अमारा या गावात अडकली. चहूबाजूंनी तुर्कांचा वेढा! ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. म्हणजे आपली दिवाळी झाली की वेढा सुरू, आणि शाळेच्या उन्हाळी सुट्या लागेपर्यंत तो चालूच. धान्य संपत आलं. धान्य होतं तर दळायला साधन पुरेना, म्हणून विमानातून चक्कीचे दगड टाकले! घोडे कापून खायची पाळी आली. आपल्यातल्या कित्येक शिपायांनी ते मांस खायला आधी नकार दिला आणि ते उपासानं खंगत गेले. शेवटी फौज शरण गेली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांना वाळवंटातून पायी नेलं आणि त्यांतली हजारो वाटेत नि छावण्यांत मेली.

हे आठवणीत ठेवा, पुढं शोध घेताना कामाला येणार आहे.

युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवायला १९१७ साली लंडनमध्ये एक मंडळ निघालं. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. त्याचा नियम फार चांगला होता. साहेब असो की शिपाई, गोरा असो की काळा, धर्म कोणताही असो, प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव कुठं ना कुठं कोरलं जाईल. फ्रान्समध्ये नव शापेल इथं हा नियम पाळला गेला. तिथं ४,७०० हून जास्त भारतीयांची आठवण नावानिशी ठेवली आहे. पण बसऱ्याला? तिथं १९२९ साली मोठं स्मारक उभं राहिलं. ज्यांची कबर किंवा चितेची जागा माहीत नाही अशा ४०,००० हून जास्त लोकांसाठी. त्यावर इंग्रजांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायाची पाळी आली की पलटणीचं नाव, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आणि खाली ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’.

इतर! मुलांनो, हजेरी घेताना मी पाच मुलांची नावं घेतली आणि पुढं म्हणालो, ‘आणि इतर अठरा’, तर तुम्हाला चालेल का?

२०२१ साली या मंडळानंच चौकशी करून जगापुढं अहवाल ठेवला. आशिया-आफ्रिकेतले किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत असे आहेत की, ज्यांची आठवण नावानं ठेवलीच गेली नाही, किंवा मुळीच ठेवली गेली नाही. शंभर वर्षांनी का होईना, हे कबूल केलं ते बरं झालं. बसऱ्याचं ते स्मारकही आता मूळ जागी नाही. १९९७ साली इराक सरकारनं ते उचलून बत्तीस किलोमीटर दूर, वाळवंटातल्या रस्त्यालगत नेऊन उभं केलं.

पण यात एक आशेची गोष्ट आहे. दगडावर नावं नसली तरी वह्यांत होती. कारण पगार द्यायचा तर नाव लागतंच ना! महिना अकरा रुपये शिपायाचा पगार. त्या नोंदी आता या मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतात. पंजाबात तर याहून मोठं काम झालं. लाहोरच्या संग्रहालयात जुन्या वह्यांचे गठ्ठे पडून होते. पंजाबातल्या कोणत्या गावातून कोण लढाईला गेलं, त्याचे त्यात तीन लाखांहून जास्त तपशील. तेही २०२१ पासून संगणकावर येऊ लागले आणि इंग्लंडात राहणाऱ्या कित्येक पंजाबी कुटुंबांना आपले पणजोबा सापडले.

आता तुमच्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल (आमच्यातल्या एकानं म्हटलंच), “पण सर, हे तं इंग्रजायकून लढले. मंग ते आपले कसे झाले?”

हा प्रश्न टाळायचा नाही. आपल्या वऱ्हाडात तर मुळीच नाही. अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा ही दोन गावं आहेत. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात इथली माणसं इंग्रजी राजवटीविरुद्ध उठली आणि प्राणाला मुकली. म्हणून ‘शहीद’ हा शब्द या गावांच्या नावालाच जोडला गेला: यावली शहीद, बेनोडा शहीद. यावली म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मगाव, बरं का! शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचंही तसंच. एकीकडे इंग्रजांच्या गोळीनं मेलेला माणूस आणि दुसरीकडे इंग्रजांचा गणवेश घालून मेलेला माणूस. दोघांना एकच माप कसं लावायचं?

मला वाटतं, एकच माप लावूच नये. यावलीच्या माणसानं आपण काय करतो आहोत हे स्वतः ठरवलं होतं. अकरा रुपयांसाठी बसऱ्याला गेलेल्या पोराला मेसोपोटेमिया नकाशावर कुठं आहे हेही माहीत नसेल. घरी कोरडवाहू जमीन, डोक्यावर सावकार आणि गावात भरतीवाला आलेला. त्याला वीर म्हणा की म्हणू नका, तुमची मर्जी. पण तो होता, त्याला आई होती आणि त्याचं नाव होतं. ते शोधायला काही हरकत नसावी. तो का गेला, हेही विचारायचंच. उलट, तेच आधी विचारायचं.

दगडावरचं नाव किती बोलतं याचं एक उदाहरण सांगतो. पुणे जिल्ह्यात कोरेगाव भीमा इथं १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ हा शब्द येतो. त्यावरून ते महार शिपाई होते हे कळलं. ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ देत नसत, त्यांची नावं दगडानं जपून ठेवली! १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले होते. त्या स्तंभावर नुसता आकडा असता तर?

त्याच्याही आधीचे दगड आहेत. महाराष्ट्रात कितीतरी गावांत मारुतीच्या पाराशी किंवा महादेवाच्या देवळाशी नक्षीचे उभे दगड दिसतात. लोक शेंदूर लावून त्यांना देव करून टाकतात. ते असतात वीरगळ. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर तो महादेवाच्या पिंडीची पूजा करताना. बहुतेकांवर नाव नसतं. त्या काळी सगळ्या गावाला ठाऊक होतं की हा कोण. लिहायची काय गरज? आणि मग ठाऊक असलेले सगळेच गेले.

तर आता आपल्या कामाला लागू या. तुमच्या गावात नावांचा दगड आहे का?

“आमच्या गावात नाही,” असं म्हणायची घाई करू नका. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी स्मृतिस्तंभ उभे केले. पंचायत समितीच्या आवारात बघा; एका बाजूला संविधानाची प्रस्तावना आणि दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यसैनिकांची नावं. कित्येक ठिकाणी त्याला टेकून सायकली लावलेल्या असतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसवले, तो तुमच्या ग्रामपंचायतीपाशी किंवा शाळेपाशी असेल. शिवाय १९६२, १९६५, १९७१, १९९९ या लढायांत किंवा नंतर सीमेवर गेलेल्या जवानाच्या नावाचा चौक असतो, शाळेची कमान असते, बसथांबा असतो. तिथूनही सुरुवात करता येते.

दगड सापडला की पहिलं काम म्हणजे तो जसाच्या तसा उतरवून घ्यायचा. चुकीचं शुद्धलेखन असलं तरी सुधारायचं नाही. तुमच्या वहीत मी लाल शाई वापरतो, पण दगडावर आपला अधिकार नाही. अक्षरं झिजलेली असतील तर त्यांत खडू, चुना किंवा ऑईलपेंट भरू नका. दगड खराब होतो आणि चुकीचं अक्षर कायमचं होऊन बसतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं असलं की खोलगट अक्षरांत सावली भरते आणि ती आपोआप वाचता येतात. दुपारी बारा वाजता जो दगड कोरा दिसतो, तोच सकाळी सात वाजता बोलायला लागतो. अकोल्याच्या उन्हात दुपारी बारा वाजता तसंही कोण जाणार म्हणा!

मग नावापुढचा हुद्दा बघा. शिपाई, नाईक, हवालदार हे तर आजही आहेत. जमादार दिसला तर तो आजचा नायब सुभेदार. कुठं ‘ड्राबी’ असा शब्द मिळेल. म्हणजे खेचरं हाकणारा. भिस्ती म्हणजे पाणी वाहणारा. हे लोक बंदूक चालवत नसत, पण गोळ्या त्यांनाही लागत. शोध घेताना त्यांना वगळू नका. ‘लढणारा नव्हता’ म्हणून ज्यांना आधीच वगळलंय, त्यांना आपण पुन्हा कशाला वगळायचं?

आता खरी गंमत स्पेलिंगची. आपल्याकडचे जाधव इंग्रजीत शेवटी ‘व्ही’ लिहितात, तर कुणी ‘ए-ओ’ लिहून ‘जाधाओ’ करतात. वऱ्हाडात हे फार. दुसऱ्या महायुद्धात नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या काही नोंदींत ‘एच’ गाळलेला आहे, म्हणजे ते ‘जादव’ झाले! एवढ्या मोठ्या वीराच्या नावाची ही तऱ्हा, तर साध्या शिपायाचं काय सांगावं? भरतीचा गोरा साहेब कानाला जे ऐकू येई ते लिही. म्हणून संगणकावर शोधताना एकाच आडनावाची चार-पाच रूपं आधी वहीत लिहून घ्या आणि एकेक टाकून बघा.

गावांचंही तसंच. अमरावती जुन्या कागदांत ‘अमरावटी’सारखी दिसते, कारण स्पेलिंग ‘ए-ओ-टी-आय’ असं. अचलपूर म्हणजे एलिचपूर. यवतमाळ जिल्ह्याचं १९०५ पूर्वीचं नाव वणी, तेही ‘वून’ असं लिहिलेलं. आणि एकाच नावाची दोन गावं असली तर? एकट्या अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे आणि चांदूर बाजार आहे. नांदगाव खंडेश्वर आहे आणि नांदगाव पेठ आहे. कागदावर नुसतं ‘चांदूर’ असेल तर उड्या मारायच्या नाहीत. आमच्या वर्गात मी एक नियम घालून दिला आहे: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी तीच गोष्ट सापडली, तरच ती वहीत पेनानं लिहायची. तोवर पेन्सिलनं.

कमिशनच्या संकेतस्थळावर नाव सापडलं की त्यात पलटण असते, मृत्यूची तारीख असते, कुठल्या स्मारकावर नोंद आहे ते असतं आणि नशीब चांगलं असेल तर ‘अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा’ असंही असतं. आता मघाशी सांगितलेलं आठवा. पलटण ११० वी मराठा आणि तारीख २२ नोव्हेंबर १९१५? मग तो टेसिफॉनच्या लढाईत पडला असणार. तीच पलटण, पण तारीख ऑगस्ट १९१६ ची? कूत तर एप्रिलमध्येच पडलं होतं. म्हणजे हा बहुधा कैदेत मेला. पाहिलंत, दोन ओळींतून किती कळतं! पण ‘बहुधा’ हा शब्द वहीत लिहायला विसरायचं नाही.

स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांसाठी दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालेलं. तिथल्या ‘त्यागचक्रा’त सोळा भिंती चक्रव्यूहासारख्या मांडल्या आहेत आणि पंचवीस हजारांहून जास्त नावं ग्रॅनाइटवर आहेत. प्रत्येकाचं वेगळं नाव. ‘इतर’ कुणी नाही. जवळच इंडिया गेट आहे, १९३१ साली पूर्ण झालेलं. त्यावरही तेरा हजारांच्या वर नावं आहेत. माझं स्पष्ट मत आहे की नाव हाताला लागेल एवढ्या उंचीवर असावं.

हे झालं दूरचं. जवळचे कागद मात्र तुमच्या माझ्या शाळेच्या कपाटात आहेत, आणि मला तेच जास्त आवडतात.

दाखल-खारीज रजिस्टर ठाऊक आहे ना? शाळेत नाव घातलं की ज्यात नोंद होते ते. वऱ्हाडातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि त्यांची जुनी रजिस्टरं जाडजूड पुठ्ठ्यात बांधून ठेवलेली असतात. गावचा जवान १९७१ मध्ये गेला असेल तर तो याच शाळेत शिकला असण्याचा संभव मोठा. तुमच्या मुख्याध्यापकांना विनंती करा. ते स्वतः काढून दाखवतील. रजिस्टरला तुम्ही हात लावायचा नाही, फार नाजूक झालेलं असतं. त्यात त्याचं पूर्ण नाव असतं, वडिलांचं नाव, जन्मगाव, कधी दाखल झाला, कधी शाळा सोडली. आणि एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. या रकान्याकडे नीट बघा, त्यात गोष्टी दडलेल्या असतात.

जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या रजिस्टरांत पानंच्या पानं मुलं १ जुलैला जन्मलेली दिसतील! गावात तेव्हा एवढे वाढदिवस एकाच दिवशी होते असं नाही. आईबापांना तारीख आठवायची नाही, “कापूस निंदायले होते तव्हा झाला बाप्पा” एवढंच सांगता यायचं, आणि गुरुजी अंदाजानं तारीख टाकायचे.

खरा जन्म हवा असेल तर कोतवाल बुक. हे आपल्या विदर्भाचं खास. गावात जन्म झाला किंवा मृत्यू झाला की कोतवाल त्याची नोंद करायचा. त्या वह्या तहसील कार्यालयात असतात. त्यांत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. बापाचं नाव आणि पुढं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. तलाठ्याकडे फेरफाराच्या नोंदी असतात. माणूस मेला की त्याच्या वावरावर वारसांची नावं चढतात, म्हणून तिथं बायकोचं, भावाचं, लेकरांचं नाव सापडतं. एखाद्या शिपायाची बायको कागदावर फक्त याच एका ठिकाणी दिसते. ही कामं मोठ्यांची आहेत. पालकांनो, इथं तुम्ही मुलांबरोबर जायचं आहे. नक्कल मिळायला अर्ज लागतो आणि दोन-तीन चकरा होतातच. जिल्ह्याच्या ठिकाणी, अमरावतीला आणि अकोल्यालाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची कामं तिथं होतात. तिथं विचारलं तर पुढचा रस्ता दाखवतात.

आणि घरं. सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जपून.

ज्या घरातला माणूस शंभर वर्षांपूर्वी गेला तिथं गोष्ट वेगळी. पणतू आनंदानं ट्रंक उघडून दाखवील. पितळेसारखी दिसणारी, साधारण बारा सेंटीमीटर रुंद गोल चकती निघाली तर नीट बघा. तिच्यावर सिंहाचं आणि एका बाईचं चित्र असतं आणि चौकटीत माणसाचं नाव, हुद्दा नसतो. ती पहिल्या महायुद्धातल्या मृताच्या वारसाला सरकारनं दिलेली काशाची चकती. पदक असेल तर त्याच्या काठावर भिंग धरा. नंबर, नाव, पलटण बारीक अक्षरांत कोरलेलं सापडेल. अशा कितीतरी चकत्या आणि पदकं किलोच्या भावानं भंगारात गेली. त्यांबरोबर नावंही वितळली. घरात असलं काही असेल तर आधी त्याचा फोटो काढा, आणि आजीला सांगा की भंगारवाल्याला द्यायचं नाही म्हणून.

पण जवान वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेला असेल, तर त्या घरात त्याची आई आहे, बायको आहे. तिथं वही-पेन काढून “ते कसे वारले?” असं विचारायचं नाही. कसे वारले हे पेपरात छापून आलेलंच असतं. लहानपणी त्यांना काय आवडायचं, पोहायला विहिरीवर जायचे का, शाळेत कुठल्या बाकावर बसायचे, हे विचारा. ते बोलल्या तर ऐका. नाही बोलल्या तर चहा घ्या, पाया पडा आणि निघा. कागद दिला तर तिथंच बसून फोटो काढून लगेच परत करा. घरी आणायचा नाही.

कधी कधी माणूस फार दूर निघतो. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढत होता. १० जुलै १९४४ ला त्यानं एकट्यानं शत्रूच्या मशीनगनवर चाल केली आणि तिथंच पडला. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे, आणि माणगावला त्याचा पुतळा आहे. २०२३ च्या जुलैत इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावच्या लोकांनी त्याच्या आठवणीसाठी एक सूर्यघड्याळ उभारलं. कुठं कोकण, कुठं मोंतोने! तिथल्या लोकांनीही आपल्यासारखीच जुनी कागदपत्रं पाहून विचारलं असेल की आपल्या शेतात पडलेला हा मुलगा कोण होता?

आता तुमची पाळी. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सातच्या आत दगडापाशी पोहोचा. सोबत वही, पेन्सिल आणि मोबाइलवाला एक मोठा माणूस. दगडावर काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं उतरवून मला पाठवा. खाली तुमच्या गावाचं, तालुक्याचं नाव लिहा आणि चांदूर असेल तर कुठलं चांदूर तेही. ज्या नावाबद्दल काहीच सापडत नाही ते तर आधी पाठवा. दुसऱ्या गावच्या कुणाच्या तरी आजीला ते माहेरचं म्हणून आठवत असेल.